बाग सगळ्यांची कशी होते?



बागेवर लेख म्हटला की तुम्हाला वाटेल गुलाबाची कलमं, कुंड्या, खत. आजचा विषय मात्र बागेच्या फाटकाचा आहे. सार्वजनिक बागेचं फाटक कोणासाठी उघडलं, कधी उघडलं आणि आत गेलेल्या माणसाला टेकायला जागा मिळाली का, याचा हा थोडा इतिहास. आमच्या भागातल्या बागेवरून सध्या एक वाद चालू आहे. त्या निमित्ताने मी बरंच वाचलं. वादाचं शेवटी सांगते, आधी बडोद्याला जाऊ.

१९१७ सालची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि त्या बदल्यात संस्थानची नोकरी करायची असा करार होता. नोकरी होती, पण शहरात राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि त्याच दिवशी जागा सोडायला सांगून गेली. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मग मुंबईला परतायचं ठरलं. गाडीला पाच तास होते. ते पाच तास त्यांनी कामाटीबागेत बसून काढले. हे सगळं त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

कामाटीबाग म्हणजे सयाजीबाग. विश्वामित्री नदीच्या काठची ही बाग सयाजीरावांनीच १८७९ साली लोकांसाठी केली. ज्या महाराजांनी एका हुशार मुलाला शिकायला सातासमुद्रापार पाठवलं, त्यांच्या राजधानीत त्या मुलाला एक खोली मिळाली नाही. मिळाली ती बागेतली जागा. बागेने त्यांचं दुःख हलकं केलं असं मी म्हणणार नाही. पण एवढं खरं, की त्या दिवशी घरांची दारं बंद होती आणि बागेचं फाटक उघडं होतं. सार्वजनिक बाग कशासाठी असते, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलं नाही. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला लोक तिथे जमतात.

आता थोडं मागे जाऊ. बागा आपल्याकडेही फार जुन्या, इंग्लंडातही फार जुन्या. पण त्या असायच्या राजांच्या, सरदारांच्या, नाहीतर साहेबांच्या. सामान्य माणूस तिथे जायचा तो माळी म्हणून. इंग्लंडात गिरण्या वाढल्या, गावांची गर्दी झाली, मोकळ्या जागांवर घरं उठली. कामगाराला रविवारी पाय मोकळे करायला जागा उरली नाही, तेव्हा १८३३ साली तिथल्या संसदेने या प्रश्नासाठी एक समिती नेमली. पुढे १८४० साली डर्बी या गावात जोसेफ स्ट्रट नावाच्या गिरणीमालकाने आपल्या खर्चाने बाग करून ती गावाला दिली. बागेची आखणी जॉन लाउडन यांची. त्यांनी हजाराहून अधिक जातींची झाडं-झुडपं लावली आणि ओळखता यावीत म्हणून नावांच्या पाट्याही लावल्या.

या बागेतल्या दोन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटल्या. पहिली तिकिटाची. आठवड्यातले दोन दिवस प्रवेश मोफत होता, त्यातला एक रविवार. बाकीचे दिवस पैसे द्यावे लागत. म्हणजे गावाला दिलेली बाग गरिबाला मात्र दोनच दिवस. पूर्ण मोफत व्हायला १८८२ साल उजाडलं. बेचाळीस वर्षं गेली!

दुसरी गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. स्ट्रट यांची सूचना अशी होती, की फाटकाजवळच्या रखवालदाराच्या घरात एक खोली लोकांसाठी ठेवावी. परगावच्या माणसाने तिथे बसून घरून आणलेलं खावं, त्याचे पैसे घेऊ नयेत. गरम पाणी, ताटली असं काही मागितलं तरच खुशीने काही द्यावं. रखवालदाराचं वेगळं आणि लोकांचं वेगळं, अशी शौचाची सोयही हवी. आपण प्रवासाला निघताना दशम्या, खाकरा, चटणी बांधून घेणाऱ्या बायका. डबा उघडायला जागा आणि जवळपास बाथरूम नसेल तर बाई कुठल्याही बागेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाही, हे कोणी सांगायला नको. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका गिरणीमालकाला ते सुचलं होतं.

इंग्रजांनी बागांची ही कल्पना पूर्वेकडेही नेली, पण नेताना फाटकावर पहारेकरी बसवला. चीनमधल्या शांघायची १८६८ साली उघडलेली नदीकाठची बाग बघा. परक्या वसाहतीची ती बाग, चिनी माणसाला तिथे मज्जाव. नियमांच्या पाटीवर बाग परदेशी लोकांसाठी आहे असं एक कलम, आणि कुत्री व सायकली आणू नयेत असं दुसरं. लोकांच्या तोंडी ही दोन कलमं एक झाली आणि कुत्र्यांना व चिन्यांना मनाई अशी पाटी जगभर गाजली. पण पाटीच्या शब्दांपेक्षा मला तिथला हिशेब महत्त्वाचा वाटतो. वसाहतीत राहणारे चिनी लोकही नगरपालिकेला कर भरत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्याही पैशावर चालते ती बाग आम्हाला बंद कशी? फाटक उघडायला १९२८ साल लागलं.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण घरची जमाखर्चाची वही चाळीस वर्षं ठेवली. त्यामुळे माझं लक्ष आधी पैशाकडे जातं. खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हा प्रश्न विचारला की बरेच वाद सुटतात. आपल्याकडेही याच प्रश्नाने मोठं काम केलं आहे.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखान्यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही करता यावा, असा तो ठराव. पैसा सगळ्यांचा, तर जागा सगळ्यांची. महाड नगरपालिकेने १९२४ साली या धर्तीवर आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला.

ठराव झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकलं का? नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यावरही मारहाण झाली, तळ्याची शुद्धी केली गेली, नगरपालिकेने आपला ठराव फिरवला, तळं खासगी आहे असा दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तळं म्हणजे बाग नव्हे, हे कळतं मला. पण सार्वजनिक जागेचा हक्क आपल्या देशात तिथूनच रुजला. कामाटीबागेत एकट्याने पाच तास काढणारा माणूस दहा वर्षांनी हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

मग राज्यघटना आली. तिचा पंधरावा अनुच्छेद आपण शाळेत भेदभावाचा म्हणून पाठ केलेला असतो. त्याचं दुसरं कलम फार घरगुती आहे. त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, करमणुकीची ठिकाणं आहेत, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आहेत, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा लोकांसाठी दिलेल्या, जिथे लोकांचा राबता असतो अशा जागा आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. आपली बाग या राबत्याच्या जागांत येते. तिसऱ्या कलमात स्त्रिया आणि मुलांसाठी खास सोय करायला मुभा दिली आहे. बागेतला बायकांसाठी राखलेला बाक कोणाला खटकला, तर त्याला हे कलम दाखवावं.

हक्क मिळाला तरी तो हप्त्याहप्त्याने द्यायची सवय सगळीकडेच दिसते. अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या प्राणिसंग्रहालयात काळ्या लोकांना कित्येक वर्षं आठवड्यातला एकच दिवस जाता येई. डर्बीचे दोन दिवस गरिबांसाठी, मेम्फिसचा एक दिवस काळ्यांसाठी. शहरातल्या बागा आणि खेळाची मैदानंही वेगवेगळी होती. लोक न्यायालयात गेले तेव्हा शहराने सांगितलं, आम्ही हळूहळू खुलं करतो, वेळ द्या. १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. घटनेने दिलेला हक्क आजच वापरायचा असतो, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. माझ्या भाषेत सांगायचं तर हक्क म्हणजे पुढच्या तारखेचा चेक नव्हे.

आता आपल्या मुंबईत येऊ. दादरचं शिवाजी पार्क १९२५ साली महापालिकेने केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली शिवाजी महाराजांच्या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. गांधीजींबरोबर चंपारणात काम केलेल्या आणि त्यांचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या याच त्या अवंतिकाबाई. मैदानाचं नाव घेताना या बाईंचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शिवाजी पार्काचं वैशिष्ट्य काय, तर भोवतीचा कट्टा. गुडघ्याएवढी भिंत, तिकीट नाही, विचारपूस नाही. आत पोरं क्रिकेट खेळतात, बाहेरच्या बाजूने चालणारे चालतात आणि कट्ट्यावर म्हातारी-कोतारी गप्पा मारतात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीच्या दर्शनाला गावोगावहून लाखो लोक येतात, तेव्हा याच मैदानावर त्यांच्या मुक्कामाची सोय होते. पुरेशी पाण्याची, शौचालयांची आणि सावलीची व्यवस्था त्या दिवसांत महापालिकेला करावी लागते. करायचं ठरवलं की करता येतं, हेच त्यातून दिसतं.

बायकांचं काय? आपल्याला बागेत कोणी अडवलं नाही, पण बोलावलंही नाही. दिल्लीत दर्यागंजमध्ये आजही पर्दा बाग नावाची फक्त बायका-मुलांची बाग आहे, पुरुषांना तिथे प्रवेश नाही. अशी जागा काही बायकांना हवीशी वाटते आणि तेही मी समजू शकते. पण एक बाग आपली झाली, म्हणून बाकीच्या बागा त्यांच्या असं होऊ नये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर' हे मुंबईतल्या बायकांवरचं पुस्तक २०११ साली आलं. बाईला घराबाहेर दिसायला काहीतरी कारण लागतं, असं त्यांनी दाखवलं. किती खरं आहे! हातात भाजीची पिशवी असली, नातवाचं बोट धरलेलं असलं, की कोणी बघत नाही. पण नुसतं बाकावर बसलेल्या बाईला येणारा-जाणारा विचारतो, "काय हो, कोणाची वाट बघताय?" पुरुषाला हे कधी कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्याच वर्षी मुंबईत बायकांच्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू झाली. नाव ऐकून आपल्यातल्या काही जणी लाजल्या असतील. पण सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा प्रकार आपण वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसला. त्या पोरींनी तो मोठ्याने विचारला.

यानंतर ज्यांना फाटकातून आत जाताच येत नाही, त्यांच्याकडे बघू. पुष्कळ बागांच्या तोंडाशी मोटरसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी वळणाचं फाटक किंवा खांब लावलेले असतात. मोटरसायकल अडते हे खरं, पण व्हीलचेअरही अडते आणि बाबागाडीही. व्हीलचेअर सहज जायला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी वाट लागते. आणि पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. यापेक्षा चढा उतार नुसता दाखवायला होतो, त्यावरून आजींची खुर्ची ढकलून बघा म्हणजे कळेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि खेळ यांचाही विचार आहे. म्हणजे ही सोय करून कोणी उपकार करत नाही. बंगळूरमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांनी 'किलिकिली' नावाची संस्था काढली आणि २००६ पासून महापालिकेच्याच बागांत सगळी मुलं एकत्र खेळतील अशा सोयी करून घेतल्या. वेगळी बाग मागितली नाही, आहे त्याच बागेत जागा मागितली. मला ही मागणी फार शहाणी वाटते. मुलाला झोपाळ्याइतकीच शेजारच्या झोपाळ्यावरच्या मित्राची गरज असते.

तिकिटाचा हिशेब राहिला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालची. पिढ्यान् पिढ्या गिरणगावातली मुलं तिथे हत्ती बघायला गेली. २०१७ साली तिथलं मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. दोन मोठे आणि दोन मुलं अशा कुटुंबाला एकत्र १०० रुपये. त्याआधी त्याच कुटुंबाचे १४ रुपये होत. प्राण्यांचा खर्च असतो, पेंग्विनला थंडावा लागतो, हे मान्य. तरीही १४ चे १०० झाले की सहलीला जाणाऱ्या कुटुंबांतली काही गळतात, आणि ती कोणती हे सांगायला पदवी लागत नाही.

आता आमच्या बागेचा वाद. बाग नगरपालिकेची, म्हणजे तुमच्या-आमच्या कराची. सकाळी दहाला बंद होते, ती चारला उघडते. आमच्या भागात घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामं बाराला उरकतात आणि दुपारची भांडी तीनला सुरू होतात. मधले तीन तास त्या दुकानाच्या पायरीवर नाहीतर फुटपाथवर बसून काढतात. घर लांब, जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे परवडत नाहीत. उन्हाळ्यात पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीत डबा खातात, आणि पलीकडे कडुलिंबाखालचे बाक रिकामे असतात. त्यांनी दुपारी बाग उघडी ठेवण्याचा अर्ज दिला. त्यावर काही रहिवाशांनी उलट अर्ज दिला, की कचरा होईल, लोक झोपतील, भलतेच लोक येतील. शिवाय बागेला दहा रुपये तिकीट लावा, म्हणजे चांगली राहील.

मी हिशेब मांडला. महिन्याचे सव्वीस दिवस, रोजचे दहा, म्हणजे २६० रुपये. आपल्याला ते एका हॉटेलातल्या डोशांचे पैसे. त्यांना ते मुलाच्या वह्यांचे. कचरा होईल तर डबे ठेवा आणि झाडणारीचे तास वाढवा. त्यासाठी कर आहेच. आणि झोपतील तर झोपू देत. पहाटे चारला उठलेली बाई दुपारी बाकावर डोळा लावते, यात बागेचं काय बिघडतं? आपण नाही का जेवणानंतर पंख्याखाली आडव्या होत?

'भलतेच लोक' या शब्दावर मात्र मी अडले. चिनी, काळे, अस्पृश्य, प्रत्येक ठिकाणी फाटक बंद करणाऱ्याच्या मनात हाच शब्द होता, फक्त भाषा निराळी. आपल्या घरात ज्यांच्या हातची भांडी आपण मांडून ठेवतो, स्वयंपाकघरापर्यंत ज्यांना येऊ देतो, त्या बागेत बसल्या की भलत्या कशा होतात?

येत्या शनिवारी वॉर्डाच्या कचेरीत यावर बैठक आहे. आम्ही सात-आठ जणी जाणार आहोत. मागण्या चारच आहेत. बाग दुपारी उघडी ठेवावी. तिकीट नको. बायकांचं स्वच्छतागृह कुलूप न लावता वापरात ठेवावं. आणि फाटकातला एक खांब काढून व्हीलचेअरपुरती वाट करावी. चौविहार असणाऱ्या आपल्या घरांत जेवणं लवकर आटोपतात, मग आपण संध्याकाळी बागेत फिरायला जातोच. या आठवड्यात तुमच्याही बागेत गेलात तर फेऱ्या मारता मारता एवढं बघा. बाथरूमला कुलूप आहे का, फाटकातून खुर्ची जाईल का, वेळेच्या पाटीवर दुपार आहे का. जे दिसेल ते कागदावर लिहा आणि वॉर्डात देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, पुढे तिचाच उपयोग होतो.